आईच्या हातातलं काम नाही, कामाचं वजन काढा

म्हाताऱ्या आईचे हात दुखायला लागले की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, 'आई, तू आता काही करू नकोस, नुसती बसून राहा.' मायेपोटीच म्हणतात, पण जिनं जन्मभर दुसऱ्यांचं केलं तिला ही शिक्षा वाटते. आणि बसून राहिलेले सांधे आणखी आखडतात ते वेगळंच. म्हणून आमच्या घरात एकच नियम ठेवलाय: आईच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही, त्या कामाचं वजन काढायचं. पुढं जे सांगते ते या नियमाला धरून.

माझी आई सोलापुरातली विडी कामगार. पहाटे चूल आवरली की मांडीवर सूप घेऊन बसायची. भिजवलेलं तेंदूचं पान फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडून दाबायचं. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात माल टाकताना बारीक-जाड निघालेल्या विड्या छाटात जायच्या, त्याचे पैसे नाहीत. याच हातांनी तिनं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं, गल्लीतल्या बाळंतिणींची बाळं न्हाऊ घातली, आणि आजही रात्री अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय चेपल्याशिवाय ती आडवी होत नाही. मी शाळेचे गणवेश शिवते, डॉक्टर नाही. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपीच्या ताईंना विचारून जे घेतलं आणि घरात टिकलं तेवढंच लिहितेय.

आधी हात बघा

'दुखतंय का' असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. आमची आई म्हणते, 'काय हुतंय माझ्या हाताला? हाय तसं बरं हाय की.' त्यापेक्षा खिडकीपाशी, उजेडात, तिच्या शेजारी बसा आणि एकेक बोट बघा.

नखाजवळच्या शेवटच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना कडक गाठी असतील तर त्या बहुतेक वेळा झिजेच्या संधिवाताच्या असतात. अठराव्या शतकातल्या हेबरडेन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या हेबरडेनच्या गाठी. मधल्या सांध्यावरच्या गाठींना बुशार्डच्या गाठी म्हणतात. दिसायला भीती वाटते, पण एकदा कडक झाल्या की त्यांचं दुखणं बरेचदा कमी होतं. जास्त त्रास देतो तो अंगठ्याच्या बुडाचा सांधा, मनगटाला लागून असलेला. बरणीचं झाकण फिरवताना, किल्ली वळवताना, पिळे घालताना तिथं कळ येते आणि हळूहळू ती जागा चौकोनी दिसायला लागते. आई म्हणते हा सांधा कात्रीनं खाल्ला. वय, घराण्यातून आलेली ठेवण हीसुद्धा कारणं असतात, पण कात्रीचा वाटा मी नाकारणार नाही. माझाही उजवा अंगठा आता कुरकुरतो.

सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात याकडं नीट लक्ष द्या. झिजेच्या संधिवातात हात साधारण अर्ध्या तासात मोकळे होतात. तासाच्या वर आखडलेपण राहत असेल आणि मनगट किंवा मुठीचे उंचवटे दोन्ही हातांना सारखेच सुजलेले, गरम लागत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. तिथं तेल चोळत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

रात्री मुंग्यांनी जाग येते, आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटातली नस दबतेय. यावर पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. आई झोपेत मनगट दुमडून गालाखाली घेते, त्यामुळं पट्ट्याचा तिला लगेच फरक पडला. अंगठ्याखालची गादी सपाट व्हायला लागली असेल तर मात्र पट्ट्यावर वेळ काढू नका. बोट दुमडून अडकतं आणि टक् करून सुटतं, हे आणखी वेगळं. त्यात बोट वाकवणाऱ्या स्नायूचा दोरा त्याच्या बोगद्यात अडकत असतो. त्याला पट्टी, इंजेक्शन, नाहीतर जागेवर भूल देऊन छोटंसं ऑपरेशन लागतं. ओढून सरळ करायचा हट्ट धरू नका.

हात थरथरतात का तेही बघा, पण कधी थरथरतात ते जास्त बघा. कप तोंडाशी नेताना थरथरणं एक, आणि हात मांडीवर निवांत पडलेला असताना एकाच बाजूला थरथर सुरू होणं, सही आणि अक्षर बारीक होत जाणं, हे दुसरं. हे दुसरं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ती हात देतच नाही, मग?

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे. आमच्या आईला कुणी तेल लावू म्हटलं की ती आधी आमच्याच डोक्याला लावायला बसते. मी एक युक्ती काढली. तिला म्हटलं, 'तू बाळाच्या हाताला तेल कसं लावायचीस ते मला दाखव की. पुढं सुनेचं बाळंतपण आलं तर मला यायला नको?' मग ती सांगते आणि मी तिच्याच हातावर करते. 'मनगटापासून सुरू कर. तळवा मधनं बाहेर मोकळा करायचा, दोन्ही अंगठ्यांनी. बोट ओढायचं न्हाई, बोट सोडायचं.' मधेच, 'अगं बाळ हाय ते, कणीक हाय का?' असं रागावतेही. यात तिचा हात आपोआप चोळून होतो, आणि सेवा करून घेतल्याचं ओझंही तिला वाटत नाही. तुमच्या आईची विद्या दुसरी असेल, शेवया वळायची, वाती करायची, वेणी घालायची. ती शिकायला बसा, हात आपोआप तुमच्या हातात येतो.

चोळताना जोर लावायचा नाही. सुजलेला, गरम सांधा चोळायचा नाही. तेल कोणतं याचे वाद घालण्यात अर्थ नाही, खोबरेल पुरतं.

कातडी

या वयाची कातडी कागदासारखी होते. हाताच्या पाठीवर आणि कोपराखाली जांभळे डाग पडतात, आणि आईला आठवतही नाही कुठं लागलं. म्हातारपणी त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांचा आधार कमी होतो म्हणून असं होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच. डाग हातांपुरतेच असतील तर घाबरायचं कारण नाही, पण अंगावर इतरत्र यायला लागले किंवा हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर दाखवा.

भेगांसाठी वेळ महत्त्वाची. हात धुऊन टिपले की ओलसर असतानाच, लगेच लावायचं. साधी पेट्रोलियम जेली चालते. आमच्याकडं रत्नागिरीची एक शेजारीण आहे, ती कोकमाचं तेल देते, पांढऱ्या वडीसारखं घट्ट. कोकणात त्याला मुठेल म्हणतात. ते जरासं गरम केलं की वितळतं, मग भेगेत भरायचं. बोटांच्या कडेच्या भेगांना मला त्याचा गुण जेलीपेक्षा चांगला वाटला.

रात्री लावून वर सुती मोजे घातले तर अंथरुणाला डाग पडत नाहीत आणि तेल मुरतं. मी आईच्या जुन्या लुगड्याचे हातमोजे शिवले, बोटं वेगळी न करता नुसत्या पिशवीसारखे. शिवणाऱ्या बायकांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची. आत सुटा दोरा राहिला आणि रात्रीत बोटाला गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. बधिर बोटाला ते कळतही नाही. मनगटाला इलॅस्टिक नको, सैल नाडी.

दाराच्या कडीला हात घासून कातडीचा पदरच निघाला, असं झालं तर तो पदर कापून टाकू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, ओल्या गॉजनं पदर हलकेच जागेवर सरकवा, त्यावर न चिकटणारी पट्टी म्हणजे पॅराफिन गॉज, आणि वरून सैल बँडेज. चिकटपट्टी थेट कातडीवर लावलीत तर काढताना शेजारची कातडीही निघून येईल. हळद भरू नका. जखम मोठी असेल, माती गेली असेल किंवा आईला साखर असेल तर दवाखान्यात न्या.

साखरेवरून आठवलं. घरी मशीनवर साखर तपासत असाल तर सुई बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथं दुखतं कमी. रोज बोट बदला. चिमटीची दोन बोटं शक्यतो सोडा, सगळी कामं त्यांच्यावरच असतात.

नखं

रविवारी सकाळी, अंघोळीनंतर. आईच्या मते शनिवारी आणि दिवेलागणीला नख कापत नाहीत, आणि तसंही दिवसाच्या उजेडात, नख मऊ असतानाच कापायला हवं, त्यामुळं आमचं भांडण नाही. अंघोळ आधी झाली असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून ठेवा.

समोर बसू नका. शेजारी बसून दोघींची तोंडं एकाच दिशेला ठेवली की आपण स्वतःची नखं कापतो तसाच कोन मिळतो. जाड नख एका दणक्यात नाही, कडेनं थोडं थोडं. कोपरे आत खोल कापायचे नाहीत, कानशीनं गोल करायचे. उभ्या रेघा वयानं येतात. पण एखाद्याच नखात गडद उभा पट्टा नव्यानं आला आणि रुंद होत चालला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

सकाळचा व्यायाम

हा अंघोळीच्या बादलीतच उरकतो, वेगळी वेळ काढावी लागत नाही. पाणी किती गरम ते आईला विचारू नका, तवा हातानं उलटणाऱ्या बाईला काहीच गरम लागत नाही. आपलं कोपर बुडवून बघा. साखरेनं किंवा दबलेल्या नसेनं बधिरपणा असेल तर हे आणखी गरजेचं.

कोमट पाण्यात हात असताना आधी बोटं सरळ. मग फक्त वरची दोन पेरं दुमडून आकड्यासारखी करायची, मुठीचे उंचवटे सरळच ठेवून. परत सरळ. मग पूर्ण मूठ, पण आवळायची नाही. परत सरळ. मग बोटं ताठ ठेवून फक्त बुडातून काटकोनात वाकवायची. शेवटी अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावायचं. प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा पुरे. दुखणं सुरू झालं की तिथंच थांबायचं. मऊ चेंडू दाबायला देणारे बरेच असतात, पण अंगठ्याचं बूड दुखत असेल तर जोरात चेंडू दाबण्यानं ते वाढतं. फिजिओथेरपीच्या ताईंनी आईला तो स्पष्ट नको सांगितला.

मेणाचा शेक चांगला असतो, पण मेण पन्नास अंशांच्या पुढं तापलेलं असतं. तो केंद्रातच घ्या, घरी पातेल्यात मेण वितळवू नका.

स्वयंपाकघर

आमच्या नियमाची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते, कारण तिथून आई हलत नाही.

भाकरीचंच बघा. ज्वारीचं पीठ गरम पाण्यानं मळायचं, गोळा करायचा, परातीत थापायचा. थापण्यात पकड नसते. तळवा आणि बोटांची पोटं पिठावर पडतात आणि पीठ स्वतःच फिरत जातं. कोमट पीठ, हलकी थाप. आईच्या हातांना हे सोसतं, उलट सकाळचा आखडलेपणा त्यानंच जातो असं ती म्हणते. तिला सोसत नाहीत त्या भाकरीच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टी. पिठाचा डबा उचलणं, बिडाचा तवा एका हातानं सरकवणं, पिठाच्या गोळ्यांची परात उचलून ओट्यावर ठेवणं. म्हणून थापायला आई, बाकी सगळं आम्ही. पिठाच्या डब्याऐवजी तिच्या कमरेच्या उंचीला दोन लहान डबे ठेवले आणि तव्याचं काम माझ्या धाकट्या भावाकडं दिलं. त्याला आधी लाज वाटली. आता कडक भाकरी तो आईपेक्षा चांगली शेकतो, असं आईच पाहुण्यांना सांगते.

शेंगाची चटणी आई उखळातच कुटते, मिक्सरची तिला चालत नाही. 'मिक्सरात तेल सुटत न्हाई नीट.' खरंय ते. पण बारीक बत्त्याला मूठ आवळावी लागते. मी बत्त्याच्या पकडीवर कापड गुंडाळून वरून शिवून टाकलं. पकड जाड झाली की मूठ कमी आवळावी लागते आणि अंगठ्यावरचा ताण उतरतो. लाटणं, सुरी, चमचा, खराटा, अगदी पेनसुद्धा, सगळ्यांना हीच युक्ती. शिवायला येत नसेल तर एसीच्या नळीवर चढवतात ते फोमचं आवरण हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, कापून चढवा. सुरी-चमच्यावरचं आवरण मात्र धुता येईल असंच हवं.

बाकी थोडक्यात सांगते. गोल फिरवायचे नळ काढून दांड्याचे बसवा, ते मनगटानं ढकलता येतात. पातेलं सांडशीनं एका हातात धरायची सवय मोडून दोन कानांचं भांडं, दोन हातांनी. कप एका कानाचा नको, दोन्ही तळव्यांत धरता येईल असा पेला. फडका पिळायचा नाही, नळाच्या मानेभोवती अडकवून दोन्ही टोकं ओढायची. ब्लाउजला मागं हूक असतील तर पुढं घ्या, आणि हुकांच्या जागी मोठी टिचबटणं किंवा वेल्क्रो. वेल्क्रो वरून दिसू नये म्हणून मी त्यावर खोटी बटणं लावते. आईला चारचौघींत वेगळं दिसायला आवडत नाही.

अण्णांचे पाय चेपणं बंद करायला सांगू नका. आम्ही फक्त पद्धत बदलली. अंगठ्यांनी दाबण्याऐवजी ती तळव्यानं नाहीतर मुठीच्या सपाट बाजूनं चेपते. अण्णा म्हणतात फरक कळत नाही. खोटं बोलतात, पण चांगलं बोलतात.

बांगड्या आणि अंगठी

काचेच्या बांगड्या फुटल्या तर पातळ कातडीला मोठी जखम होते. काढा म्हणायची सोय नाही, तेव्हा माप वाढवा. दोन-चार मापाच्या घालत असेल तर दोन-सहा मापाच्या घ्या, आणि हातात मोजक्याच ठेवा. भरताना हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यावरून बांगडी सरकवायची, मग पिशवी ओढून काढायची. सांध्यावर जोर येत नाही.

अंगठी गाठीच्या सांध्यापलीकडं अडकली असेल तर ती आजच, हात बरा असताना काढा. सूज आल्यावर किंवा ऑपरेशनच्या दिवशी धावपळ होते. हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरायचा, गार पाण्यात बुडवायचा, साबण नाहीतर तेल लावायचं. तरी निघेना तर दोऱ्याची युक्ती. गुळगुळीत, मजबूत दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला काढायचं. उरलेला दोरा अंगठीला चिकटून सुरू करून बोटावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून, सांध्याच्या पलीकडंपर्यंत गुंडाळत जायचा. मधे मांस दिसता कामा नये. मग अंगठीखालून काढलेलं टोक नखाच्या दिशेला ओढत वेढे उलगडायचे. अंगठी वेढ्यावरून पुढं सरकत येते. दुखतं थोडं, म्हणून हे झटपट करायचं, बोट दोऱ्यात जास्त वेळ ठेवायचं नाही. बोट निळं-काळं झालं असेल, सुजून तट्ट झालं असेल किंवा जखम असेल तर हे करूच नका, दवाखान्यात अंगठी कापून देतात. चांदीची असेल तर सोनार परत जोडून देतो.

नको ते

बिब्बा. आमच्याकडं अजून सांध्यावर बिब्बा घालणारी माणसं आहेत. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, आणि म्हाताऱ्या कातडीला ते भरून यायला फार वेळ लागतो. डाग देणंही तसंच. आणि बाजारातल्या बिननावाच्या पुड्या, 'दोन दिवसांत आराम' म्हणून देतात त्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. आराम पडतो तो त्यामुळंच, पण मागाहून साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळीही रोज चालू ठेवू नका, मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधते. वरून लावायचं जेल त्यामानानं बरं, पण तेही विचारून.

अचानक एका हाताची ताकद गेली, हातातलं भांडं सुटलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो हाताचा आजार नाही, पक्षाघात आहे. तेल शोधू नका, १०८ ला फोन करा. पडल्यावर मनगट सुजलं तर एक्सरे काढाच, 'हलतंय म्हंजी मोडलं न्हाई' हे खरं नसतं.

ठसे उमटत नसतील तर

आयुष्यभर तंबाखू, पानं, राख आणि साबण यांत गेलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा, आणि मागं रांग. आई तिथं माफी मागितल्यासारखी उभी राहते. मला याचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. तर हे तयारीनं करा.

घरून निघताना हात धुऊन थोडी क्रीम चोळा आणि पुसून टाका. कोरड्या बोटाचा ठसा उमटत नाही, तेलकटाचाही नाही. मशीनची काच पुसायला सांगा. अंगठाच लागतो असं नाही, दहापैकी कोणतंही बोट चालतं. आईची करंगळी आणि अनामिका चालतात, कारण विडी वळताना त्यांच्यावर कमी भार यायचा. चालणारं बोट एकदा सापडलं की लक्षात ठेवा. सगळ्याच बोटांचे ठसे गेले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांचं मशीन आहे का विचारा, आणि आधार केंद्रात जाऊन ठसे, बुबुळं, फोटो नव्यानं घ्या. आधारची चौकशी १९४७ या क्रमांकावर होते.

पेन्शनसाठी तर बोटाची गरजच उरलेली नाही. हयातीचा दाखला डिजिटल काढायची जीवन प्रमाण सोय २०१४ साली आली, आणि २०२१ पासून तो चेहऱ्यावरून काढता येतो. अँड्रॉइड फोनवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन अ‍ॅप घ्यायची. फोन तुमचा चालतो. आधी तुमच्या आधारवरून तुमची ओळख एकदा नोंदवावी लागते, मग आईचा आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), बँक खातं आणि मोबाइल क्रमांक भरून तिचा चेहरा दाखवायचा. उजेड तोंडावर हवा, पाठीमागं खिडकी नको, डोक्यावरचा पदर कपाळापासून जरा मागं, आणि सांगितलं की डोळे मिटून उघडायचे. आई पापणी मिटायची विसरते आणि फोनकडं रोखून बघत बसते, तेव्हा अण्णांना समोर उभं करून हसवायला लावते मी.

विडी कामगारांची पेन्शन बहुतेक ईपीएस ९५ मधली, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली असते. ती किमान महिना १००० रुपये हे २०१४ साली ठरलं, म्हणजे रक्कम केवढी ते तुम्हीच बघा, पण आईच्या लेखी ती तिच्या हातांची कमाई आहे. या पेन्शनचा दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीत जायचं कारण नाही. पोस्टमनला घरी बोलावूनही दाखला काढता येतो, पोस्टाच्या बँकेकडून.

सही थरथरून जुळेनाशी झाली तर बँकेला नव्या सहीचा नमुना द्या. सहीच जमत नसेल तर अंगठा चालतो. म्हाताऱ्या, आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे: अंगठ्याचा ठसा बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यायलाही बँकांना सांगितलेलं आहे. खिडकीवरचा माणूस 'असं काही नसतं' म्हणाला तर शांतपणे शाखाधिकाऱ्याकडं जा आणि अर्ज लेखी द्या. पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पैसे मोजायला मात्र आईच्याच हातात द्या, वेळ लागला तर लागू दे.